जुन्या ग्रुपात उरलेली सावड

मी बोलते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, मागाहून दुसऱ्या कुणी सांगायला नको. सकाळी डोळे उघडायच्या आधी माझं तोंड उघडतं, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. पण मी काही उगीच बोलत नाही. माझं माहेर कळंबचं, घर अगदी पुणे-नाशिक रस्त्याला लागून. दिवसरात्र गाड्यांची घरघर. तिथं हळू बोलणाऱ्याला जेवायलासुद्धा कुणी वाढलं नसतं. लग्न होऊन बोरी बुद्रुकला आले तेव्हा रस्ता मागं राहिला, आवाज मात्र माझ्याबरोबर आला. दहावी शिकलेली आहे म्हणून लिहिताना जरा नीट लिहिते. बोलताना तसलं काही पाळत नाही.

आमच्याकडं कांद्याची लागण सावडीनं होते. म्हणजे आज सगळ्या बायका माझ्या रानात, उद्या त्याच सगळ्या तुझ्या रानात, परवा तिसरीच्या. मजुरी नाही. भाकरी जिची तिनं आणायची, चहा आणि कालवण जिचं रान तिचं. दिवसभर ओल्या वाफ्यात बसून अंगठ्यानं एकेक रोप मातीत खोचायचं. कंबर मोडते, पाय बधिर होतात, थंडीत तर बोटं आपली आहेत का शेजारणीची तेच कळत नाही. असल्या कामाला शेजारी माणूस लागतंच. शिवाय आमच्या भागात बिबट्या. वाकून बसलेलं माणूस त्याला शेळीएवढं दिसतं म्हणतात. त्यामुळं एकट्या बाईनं रानात वाकायचं नाही, हे आता पोरीबाळींनाही ठाऊक आहे.

या सावडीत मी लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यापासून. मला तिथं नेऊन बसवलं माझ्या थोरल्या जावेनं. तिला सगळे आक्का म्हणतात. आक्का म्हणजे सावडीची पुढारी. आपण वाफ्याच्या मध्यावर आलो की ती पुढच्या वाफ्यात जाऊन बसलेली असते. तिचं बोलणं मोजकं, म्हणजे एकच शब्द, "आवरा." पूर्वी उद्याची लागण कुणाकडं ते बांधावरून ओरडून सांगायचं, आणि ओरडायचं काम अर्थातच माझं. मग आक्काच्या सुनेनं मोबाईलवर ग्रुप काढला. 'कांदा सावड' असं नाव, वर लेण्याद्रीच्या गणपतीचा फोटो. माझं ओरडायचं काम गेलं, पण मी वाईट वाटून घेतलं नाही. ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाचं फूल टाकून 'शुभ सकाळ' घालायला लागले.

तर त्या साली आमचं रोप जरा आधीच तयार झालं. मी ग्रुपवर टाकलं, "उद्या आमच्याकडं लागण. सगळ्यांनी सातला या. मटकीची उसळ हाये." खाली दोन टिका आल्या, त्या निळ्या झाल्या. एक अंगठा आला, एक हात जोडलेले आले. मी म्हटलं, झालं, सगळ्यांनी वाचलं. संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून रोप उपटलं, जुड्या बांधल्या, ओल्या पोत्याखाली ठेवल्या. ह्यांनी मोटार चालू करून वाफे भिजवले. पहाटे उठून मी पातेलंभर उसळ केली. कांद्याचं रोप एकदा उपटलं की त्याचं आयुष्य आपल्या हातात. एकदोन दिवस ओल्यात टिकतं, मग पिवळं पडून मान टाकतं. आमचा वर्षाचा सगळा कांदा त्या पोत्याखाली होता.

सात वाजले, कुणी नाही. धुकं होतं, म्हटलं थंडीनं उशीर झाला असेल. साडेसात झाले तरी कुणी नाही. आमचे हे बांधावर उकिडवे बसून मला विचारायला लागले.

"ग्रुपवर टाकलं व्हतंस ना?"

"टाकलं व्हतं."

"नीट टाकलं व्हतंस?"

"नीट म्हंजी कसं? पाटावर बसवून, हळदीकुंकू लावून टाकायचं व्हतं का?"

तेवढ्यात धुक्यातून दोन माणसं येताना दिसली. माझा जीव भांड्यात पडला. जवळ आली आणि बघते तर एक मावशी, आणि एक मेजर.

मावशी म्हणजे वरच्या आळीची म्हातारी. त्यांचं घराणं मूळचं मेंढरांवालं. आता शेती करतात, पण मावशीनं दारात थोडी मेंढरं अजून ठेवली आहेत, आणि तिचा दीर तर अजून मोठा कळप घेऊन फिरतो. मावशी कामाला चांगली, पण चार वाजले की हातातलं रोप टाकून उठते. बिबट्या यायच्या आत मेंढरं आत घ्यायची असतात. आक्काला ते अजिबात खपत नसे.

मेजर म्हणजे आमच्या पलीकडच्या घरातले, सैन्यातून पेन्शनीत आलेले. त्यांची बायको आमच्या सावडीतली. त्या उन्हाळ्यात ती गेली. आणि पाऊसकाळानंतर पहिली लागण निघाली तर तिच्या जागी हे हजर! म्हणाले, तिची सावड मी करणार. आता बायकांच्या सावडीत पुरुष बसला की पंचाईत. नवऱ्यांच्या चहाड्या करायच्या कुणासमोर? सगळ्या तोंडाला पदर लावून गप बसायला लागल्या. शिवाय मेजर रोप लावायला दोरी आणि दोन खुंट्या घेऊन यायचे. लाईन सरळ आली नाही तर उपटून परत लावायला सांगायचे. एकदा तर खुद्द आक्काला सांगितलं!

"बाकीच्या कुठंयत?" मी विचारलं.

"आमी तुला विचारणार व्हतो," मावशी म्हणाली. "माज्या नातीनं मेसेज वाचून दाखवला. हात जोडलेले तिनंच पाठवले."

"अंगठा माझा," मेजर म्हणाले.

मी ग्रुप उघडून बघायला लागले. मेजरनी फोन माझ्या हातातून घेतला, चष्मा लावला आणि बोटानं वर वर सरकवत गेले. त्यांचा चेहरा कडक होत गेला.

"वहिनी, दिवाळीपासून या ग्रुपात आपण तिघंच बोलतोय."

मी बघितलं. खरंच की! माझं गुलाब. त्याखाली मेजरांचं 'जय हिंद'. त्याखाली मावशीच्या नातीनं टाकलेला कोकराचा फोटो. परत माझं गुलाब. परत जय हिंद. परत कोकरू. इतके दिवस मला वाटत होतं की सावडीत काय प्रेम आहे, रोज तीन तीन माणसं उत्तर देतात! त्यात एक मीच होते हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आणि तेव्हाच ओढ्याच्या पलीकडून हिंदी गाण्याचा आवाज आला. धुकं उठलं होतं. पलीकडच्या रानात आमची सगळी सावड वाकून बसली होती. मधोमध बांधावर मोबाईल ठेवलेला, त्यावर गाणी लावलेली. सगळ्यात पुढं आक्काचं हिरवं लुगडं. मागाहून कळलं, आक्काच्या सुनेनं नवा ग्रुप काढला होता. नाव तेच, फोटोसुद्धा तोच गणपती. फक्त आम्ही तिघं त्यात नव्हतो, चारला उठणारी, दोरीवाला आणि सदा बोलणारी मी. जुन्यातून कुणी बाहेर पडलं नव्हतं, कारण बाहेर पडलं तर वाईट दिसतं. सगळ्या आतच होत्या, गुपचूप माझी गुलाबं वाचत होत्या आणि निळ्या टिका उमटवत होत्या.

मला असा राग आला की कान तापले. इतकी वर्षं ज्यांच्या रानात मी गुडघे झिजवले, ज्यांच्या पोरींच्या लग्नात पुऱ्या लाटल्या, त्यांनी मला असं न सांगता टाकून द्यावं? भांडून टाकलं असतं तरी चाललं असतं. भांडणात निदान बोलायला मिळतं.

"मी जाते पलीकडं," मी पदर खोचला. "आज एकीएकीची पूजा बांधते."

"जा की," मावशी म्हणाली. "पर रोप उपटलंय तुजं. भांडाण काय, उद्याबी ताजंच राहील. रोप ऱ्हाणार न्हाई."

हे म्हणाले, "मुकादमाला फोन लावू का? पिकअप भरून मजुरांची टोळी येती आजकाल." लावला. मुकादम म्हणाला, टोळी आठवडाभर नारायणगावकडं अडकली आहे. मग हे परत बांधावर बसायला निघाले, तर मेजर ओरडले, "भाऊ, बसायचं नाही! जुड्या आणून द्या!" आणि आमचे हे, ज्यांनी माझं एक काम पहिल्या हाकेत केलेलं नाही, ते धावत पोत्याकडं गेले. त्या क्षणापासून मेजरांबद्दल माझं मत फार चांगलं झालं.

अशी आमची लागण सुरू झाली. मेजरनी खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. मावशीला एका कानानं ऐकू येत नाही, म्हणून मी तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसले. आणि बोलायला लागले. आधी आक्काला शिव्या घातल्या. त्या संपल्यावर तिच्या सुनेला घातल्या. मग राग उतरला आणि इतर विषय निघाले. दुपारपर्यंत मेजर इतके हसले की त्यांच्या हातून दोरीबाहेर रोपं लागली, आणि त्यांनी ती तशीच राहू दिली.

चार वाजता मावशी उठली. निम्मंसुद्धा झालं नव्हतं. मी पोतं उचलून रोपाकडं बघितलं आणि माझं तोंड, काय सांगू, खरंच बंद झालं. मावशीनं ते बघितलं. तिनं लुगड्याच्या ओच्यातून फोन काढला आणि मेजरना नंबर लावायला सांगितला. तिच्या दिराचा कळप तेव्हा कळंबच्या शिवारात उतरला होता. ती कळपाबरोबरच्या बायकांशी त्यांच्या पद्धतीनं बोलली, म्हणजे माझ्याहून मोठ्यानं.

"उद्या येत्याल माज्या जावा," फोन ठेवून म्हणाली. "दुधाच्या टेम्पोत बसून. पर तुला त्यांच्याकडं लागणीला जाता येनार न्हाई, त्यांच्याकडं रानच न्हाई."

"मग मी फेडू कशी?"

"तुजा कांदा निघाला की पात रानात पडंल. पैल्यांदा आमची मेंढरं त्यात घालायची. दुसऱ्या कुणाची न्हाई. चार दिस बसत्याल, तुज्या रानाला खत व्हईल."

मी म्हटलं ठरलं. हे मागून म्हणाले, "अगं, मला विचारलंस का?" मी म्हटलं, "तुमाला विचारलं असतं तर तुमी इचार करत बसला असता. तवर कांदा वाळला असता."

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून त्या उतरल्या. रोज कुठल्या तरी नव्या रानात चूल मांडायची सवय असलेल्या बायका. माझ्या रानात दहा मिनिटांत त्यांचं घर झालं. कांदा लावायची त्यांना फारशी सवय नव्हती, पण मेजरांची दोरी बघून त्या खूश झाल्या, आता चूक झाली तर ती दोरीची. माझ्या बोलण्याचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांच्यात सगळ्याच एकदम बोलतात. दुपारी उसळ, त्यांच्या बाजरीच्या भाकरी, आणि मेजरनी आणलेली पिठल्याची वडी. स्वतः थापलेली! बायकांनी ती वडी हातात धरून उलटीसुलटी बघितली, खाल्ली, आणि मग प्रत्येकीनं आपापल्या नवऱ्याविषयी जे बोलायचं ते मेजरांच्या देखत बोलून घेतलं.

जेवताना मी मेजरना विचारलं, "तुमच्याकडं कदी यायचं लागणीला?"

"माझ्याकडं काय, लसणाचे दोन वाफे. ते मी पहाटे एकट्यानं लावून टाकले."

"मग तुमची सावड कशी फेडायची?"

मेजर भाकरीचा तुकडा मोडत बसले. मग म्हणाले, "वहिनी, मला ग्रुपातून काढू नका. एवढंच करा. घरात दिवसभर कुणाचा आवाज नसतो."

मी उसळीचं पातेलं त्यांच्याकडं सरकवलं. आमच्या ह्यांनी गडबडीनं पाणी पुढं केलं, तेही न सांगता. मी मेजरना म्हटलं, काढते कशाची, या ग्रुपात मी मरेपर्यंत गुलाब टाकणार आणि तुम्हाला ते बघावं लागणार.

तिसऱ्या दिवशी थोडेच वाफे राहिले होते. रोप थोडं सुकलं होतं, पण हिरवं होतं. मेंढरांवाल्या जावा परत गेल्या होत्या, आम्ही तिघंच होतो. मी माझ्या धाकट्या मामाच्या लग्नाची गोष्ट सांगत होते. वरातीची घोडी फटाक्यांना बुजली आणि नवऱ्यामुलाला घेऊन थेट नाशिक रस्त्याला लागली. मागं अख्खी वरात, बँडवाले वाजवत वाजवतच पळतायत, आणि पुढं मामा, मुंडावळ्या कानाशी उडतायत, तोंडानं "थांब गं बाई, थांब गं बाई"...

तेवढ्यात बांधावर हिरवं लुगडं दिसलं. आक्का. ओढा ओलांडून एकटीच आली होती. तिच्या रानात लागण चालू असताना ती उठून आली, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मी रोप खोचत राहिले.

"झालं का गं?" आक्का म्हणाली.

"व्हतंय."

तिनं उरलेले वाफे नजरेनं मोजले. मग म्हणाली, "आमच्यातली एक बाळंतपणाला लेकीकडं गेली. एक जागा झालीय. तू ये उद्यापास्नं."

तीन दिवस मी हेच ऐकायला झुरत होते. खोटं कशाला बोलू? रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी आक्का येईल, असं म्हणेल, आणि मी अमुक उत्तर देईन, याची तयारी केली होती. सगळं विसरले.

"एकदम कशी आठवण झाली?" एवढंच म्हटलं.

"मोबाईलची बॅटरी दुपारीच उतरती," आक्का म्हणाली. "मग सगळं गपगार. काल उसात खसखस वाजलं, तर साऱ्या रोपं टाकून पळाल्या. तू व्हतीस तवा बिबट्या आपल्या शिवारात फिरकत नव्हता."

"म्हंजी मला बुजगावणं म्हणून न्यायला आलाय व्हय?"

मावशी खुदकन हसली. मेजर दोरीकडं बघत राहिले. आक्काचा चेहरा लाल झाला. तिला रागावता येतं, ऐकून घेता येत नाही. ती बांधावरच्या मातीचं ढेकूळ पायानं फोडत राहिली, आणि मग खाली बघून म्हणाली, "दिवस सरत न्हाई गं. वाफे लई व्हत्यात, रोजच्यापरीस जास्तीच व्हत्यात. पर दिवस काय सरत न्हाई. एकमेकींच्या वाफ्याकडं बघत बसत्यात साऱ्या, कुणाचा पुढं, कुणाचा मागं. काल दोघींची त्यावरनं भांडाणं झाली."

मला आतून एकदम बरं वाटलं, आणि लगेच तिची कीवही आली. आक्काच्या तोंडून एवढी लांबलचक वाक्यं मी कधी ऐकली नव्हती.

"येते," मी म्हटलं. "पर तिघंबी येणार. मावशी चारला उठणार. मेजर दोरी आणणार."

"मेजर? बायकांत?"

"मग न्हाई येत."

"अगं, बाकीच्या काय म्हणत्याल?"

"म्हणूद्या. त्यांना नव्या ग्रुपावर म्हणूद्या."

आक्कानं ओढ्याकडं बघितलं. मला वाटलं आता ती वळून जाईल, ओढा ओलांडेल, आणि पुढची सगळी वर्षं आम्ही दोघी जावा एका अंगणात तोंडं फिरवून वावरू. भीती वाटली मला. पण एकदा तोंडातून गेलेलं मी मागं घेत नाही, आणि मावशी, मेजर दोघंही ऐकत होते. मी तिच्याकडं पाठ केली आणि मावशीच्या चांगल्या कानाशी गोष्ट पुढं चालू केली. घोडी रस्त्याला लागली, मागून ट्रक, ट्रकवाला हॉर्न देतोय, घोडी आणखी पळतेय, मामाची एक मोजडी पडली, आणि पुढं मंचरकडून नवरीकडच्यांची जीप येतेय...

मी मुद्दाम थांबले. रोप नीट दाबलं. दुसरं घेतलं.

मागं काही हललं नाही. ओढ्यापलीकडून आक्काला कुणीतरी हाक मारली. तिनं ओ दिली नाही. मेजरनी दोरी पुढच्या ओळीवर सरकवली.

"मग?" आक्का म्हणाली. "पुढं काय झालं?"

मी वळून न बघता एक जुडी तिच्या पायाशी सरकवली.

"बसा आक्का," मी म्हटलं. "उभ्या माणसाला मी सांगत न्हाई."